मद्यपान : वंश आणि वळण



‘अमुक लोक म्हणजे जन्माचे दारुडे’ हे वाक्य आपण प्रत्येकाने केव्हा ना केव्हा उच्चारलेले असते. दारूबंदी हवी की नको, या वादात मी आज शिरणार नाही. माणसाचे पिणे त्याच्या रक्तातून येते की त्याच्या घरातून, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

या प्रश्नाचा विचार अमेरिकेत पुष्कळ झाला, कारण तेथे नाना देशींची माणसे शेजारीशेजारी येऊन वसली. हार्वर्डचे रॉबर्ट बेल्स यांनी १९४६ साली आयरिश आणि ज्यू यांची तुलना केली. दोघेही परक्या शहरात आलेले, दोघांच्याही वाट्याला हेटाळणी आलेली. परंतु दारूपायी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांत आयरिशांची संख्या मोठी, तर ज्यूंची अगदी नगण्य. आता कोणी म्हणेल, ज्यू पीतच नसतील. तसे नाही! दर शब्बाथला कुटुंबप्रमुख द्राक्षमद्याच्या पेल्यावर आशीर्वचन म्हणतो, वल्हांडणाच्या रात्री चार पेले घेण्याचा विधी आहे, आठव्या दिवशी सुंता होते तेव्हा तान्ह्या बाळाच्या ओठांनाही मद्याचा थेंब लावतात. म्हणजे मुलाची मद्याशी ओळख होते ती आईबापांच्या समक्ष, जेवणाच्या पानावर आणि देवाच्या नावाने. तेथे झिंगणे म्हणजे विधीचा भंग करणे.

आयर्लंडच्या खेड्यात मात्र निराळी तऱ्हा होती. बाप जमीन सोपवीपर्यंत चाळिशीचा मुलगाही ‘पोरगा’च समजला जाई. जमीन नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून गावात मान नाही. मग संध्याकाळी पुरुषांचा घोळका गुत्त्यात. पिणे हे जेवणाशी जोडलेले नव्हे, तर मनाच्या कोंडमाऱ्याशी जोडलेले. दुःखावर औषध म्हणून जो पितो तो धोक्यात असतो, असे बेल्स यांचे म्हणणे होते, आणि मला ते पटते. याच आयर्लंडात १८३८ पासून फादर मॅथ्यू यांनी लाखो लोकांकडून दारू सोडण्याच्या शपथा घेवविल्या, हेही सांगितले पाहिजे.

रक्ताचा सिद्धांत खरा असता तर ज्यूंचे नातूही आजोबांसारखेच राहिले असते. १९५८ साली चार्ल्स स्नायडर यांचे पुस्तक निघाले. त्यात दिसले ते असे की, धर्माचार जसजसा सैल होत गेला तसतसे झिंगण्याचे प्रमाण वाढत गेले.

तरीही रक्ताचा वाटा मुळीच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मद्य पोटात गेले की यकृतात त्याचा प्रथम एक विषारी पदार्थ होतो आणि मग दुसरे एक विकर त्याचा निरुपद्रवी आम्ल करते. चीन, जपान, कोरिया या देशांत तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लोकांत हे विकर जन्मतःच दुबळे असते. अशांचा दोन घोटांतच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. निसर्गानेच घातलेली ही दारूबंदी म्हणा ना! पण जपानात काय झाले पहा. कचेरी सुटल्यावर वरिष्ठांबरोबर पिण्याची रीत रूढ झाली. तिथल्या व्यसनी रुग्णांत हे दुबळे विकर असलेले १९७९ साली शेकडा अडीच होते. १९९२ साली ते शेकडा तेरा झाले. तेरा वर्षांत रक्त बदलत नाही. शिवाय अशा माणसाने पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, ते निराळेच.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर. ‘यांना दारू सोसत नाही’ या समजुतीवर १८३२ साली त्यांच्यापुरती दारूबंदी आली आणि ती १९५३ पर्यंत टिकली. पुढे २००९ ते २०१३ च्या पाहणीत आढळले की, मागील महिन्यात मद्याला न शिवलेले त्यांच्यात शेकडा साठ होते, गोऱ्यांत शेकडा त्रेचाळीस. एका बैठकीत बेसुमार पिणाऱ्यांचे प्रमाण दोघांत जवळजवळ सारखेच निघाले. दारूने होणारे मृत्यू मात्र त्यांच्यात जास्त आहेत. पण दारिद्र्य आणि दूरचा दवाखाना ही कारणे पेल्यात शोधून सापडायची नाहीत.

आपल्याकडे असाच शिक्का मोहाच्या दारूवरून आदिवासींच्या कपाळी मारला गेला. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातून पैसे मोजून दारू घेणे भाग पडले. या ‘जन्माच्या दारुड्यां’नी काय केले? १९२१ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवी अंगात येऊ लागली, आणि १९२२ मध्ये ती लाट सुरतेच्या आदिवासी गावांत पोहोचली. देवीच्या नावाने गावेच्या गावे दारू-ताडी सोडू लागली. कोणी पुढारी तेथे गेला नव्हता, कोणी व्याख्यान दिले नव्हते. दुकानदारांचा धंदा बसला, जमीनदारांनी दडपण आणले. पुढे काहींच्या हाती पेला परत आला आणि काहींनी तो पुन्हा धरला नाही.