जमीन कोसाडला, पाळी उधन्याला

सुरतहून अहमदाबादकडे निघालेली पॅसेंजर तापी ओलांडते, उत्राण घेते आणि पुढचं स्टेशन कोसाड. 2006 मध्ये सुरतेची हद्द वाढली आणि हा परिसर महापालिकेत आला. त्याआधी काही महिने, डिसेंबर 2005 मध्ये, केंद्राचं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं होतं. सुरतेएवढ्या शहरात गरिबांच्या घरांचा निम्मा खर्च केंद्राचा, लाभार्थ्याने किमान 12 टक्के भरायचे. मोकळी जमीन होती, पैसाही आला. कोसाड आवास उभं राहिलं आणि झोपडपट्ट्यांतली हजारो कुटुंबं तापीपलीकडे राहायला गेली.

घर पक्कं, नळ घरात, संडास घरात. हे थोडं नव्हे.

पण सुरतेत माणूस येतो तो कामासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहेच. तिथली लूमवरची पाळी 12 तासांची. ती करून शहराच्या दुसऱ्या टोकाला परतायचं, तर झोपेतलाच वेळ कापला जातो. सुरतेची बीआरटीएस ही जलद बससेवा 2014 मध्ये धावू लागली आणि पुढे कोसाडच्या वसाहतीपर्यंत पोचली. म्हणजे बिऱ्हाडं आधी आली, बस मागून.

अहमदाबादचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. तिथे 1987 मध्ये झोपडपट्टीतल्या महिलांसाठी सोडत निघाली. घरं शहराच्या मध्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर. बऱ्याच वर्षांनी बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे या अर्थतज्ज्ञांनी चौकशी केली. सोडत लागलेल्यांपैकी 34 टक्के तिथे राहायला गेल्याच नव्हत्या, आणखी 32 टक्के जाऊन परतल्या होत्या. शेजारपाजार तुटला, अडीनडीला हात पुढे करणारं कोणी उरलं नाही.

मग अशा जागेवर काय करावं? मुंबईत चारकोपला जागतिक बँकेच्या मदतीने वेगळी वाट धरली गेली. 1985 च्या त्या योजनेत तयार घराऐवजी छोटा भूखंड, जोतं, पाणी आणि मलनिस्सारणाची सोय दिली. भिंती ज्याच्या त्याने ऐपतीप्रमाणे चढवायच्या. साधारण 35 भूखंडांची एक सोसायटी, मध्ये सामाईक अंगण. माळे वाढले, खाली दुकानं आली. तिथले पुष्कळ मूळ मालक पुढे जागा विकून गेले, हा आक्षेप खराच. तरीही कोसाडसारख्या मोकळ्या जमिनीवर निदान काही भागात हा प्रयोग व्हायला हवा होता. चार मजली इमारतीतल्या खोलीला पोराच्या लग्नानंतर आणखी एक खोली जोडता येत नाही.

तिसरा पर्याय गुजरातच्याच कायद्यात आहे. 1976 च्या नगररचना कायद्याप्रमाणे नगररचना योजनेत, म्हणजे टीपी स्कीममध्ये, दुर्बल घटकांच्या घरांसाठी 10 टक्क्यांपर्यंत जमीन राखून ठेवता येते. एकाच ठिकाणी मोठी वसाहत करण्यापेक्षा दिंडोलीत चार इमारती, पांडेसऱ्यात सहा, अशी विखुरलेली घरं त्यातून निघू शकतात. लहान लहान कामं ठेकेदाराला परवडत नाहीत, अशी ओरड होणारच. पण साड्यांना खडे चिकटवून घर चालवणाऱ्या बाईला माल देणारा तिथे सकाळी गठ्ठे टाकतो आणि संध्याकाळी नग मोजून घेऊन जातो. तापीपलीकडे फेरी मारायला तो भाडं मागतो, आणि ते भाडं तिच्याच मजुरीतून जातं.