नांवावरून पत्ता

मोठ्या इस्पितळाच्या छताला बिनतारी अॅक्सेस पॉइंटांच्या शेंकडों पेट्या असतात. त्यांचा सूत्रधार म्हणजे कंट्रोलर. परंतु नव्या पेटीला त्याचा पत्ता ठाऊक नसतो. प्रथम डीएचसीपी सेवा तिला स्वतःचा पत्ता, संस्थेचें डोमेन-नांव आणि डीएनएसचा, म्हणजे नांवांवरून पत्ते सांगणाऱ्या सेवेचा, ठिकाणा देते. सिस्कोची पेटी मग ‘सिस्को-कॅपवॅप-कंट्रोलर’ या ठराविक नांवास तें डोमेन जोडून पत्ता विचारते व तेथें विनंती धाडते. ही नोंद राहून गेली आणि शोधाचा दुसरा मार्गही नसला, तर पेटी मुकी राहते. उलट, कंट्रोलर हलला तरी पुढील शोधांसाठीं एकच नोंद बदलणें पुरतें. मात्र सांगितलेला पत्ता खोटाही असूं शकतो. म्हणून २००९ सालच्या कॅपवॅप नियमांनीं उभयतांस परस्परांची ओळख पटविण्याचें बंधन घातलें. पत्ता मिळाला, म्हणजे विश्वास मिळाला असें नव्हे.