पाण्याची तीन नावं

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंट, वाळूच्या टेकड्या आणि मावळता सूर्य येतो. कॅलेंडरनं आपल्याला तेवढंच दाखवलेलं असतं. पण पाठीवर पिशवी टाकून, मिळेल त्या बसनं थरच्या वाळवंटात हिंडलं की चित्रात नसलेली एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तिथं माणसं आहेत, आणि पुष्कळ आहेत. जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते. ही माणसं तिथं कशी राहिली, हे पाहावं म्हणून 2018च्या जानेवारीत मी जोधपूरहून जैसलमेरला निघालो. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, एक शाल, वही आणि पाण्याची बाटली.

वाटेत पोखरण लागतं. 1974 आणि 1998च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव आपल्याला ठाऊक आहे. बसमधली काही मंडळी तिथं उतरली, ती मात्र रामदेवऱ्याला जाण्यासाठी. पोखरणहून दहा-बारा किलोमीटरांवर रामदेवजींची समाधी आहे. हिंदू त्यांना देव मानतात, मुसलमान रामसा पीर म्हणतात. नावं दोन, समाधी एकच. भाद्रपदात तिथं लांबलांबून लोक पायी येतात. आपल्या वारकऱ्यांची आठवण व्हावी, असंच ते चालणं.

जैसलमेर 1156 साली वसलं. त्याचा पिवळ्या दगडांचा किल्ला आपण सिनेमात पाहिलेला असतो, म्हणून त्याबद्दल फार बोलत नाही. मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढच्या, तनोटच्या दिशेनं जाणाऱ्या रस्त्याबद्दल. या रस्त्यावर रामगड लागतं. तासन्‌तास खिडकीबाहेर खेजडीची, केरची झुडपं आणि मधूनच शेळ्यांचा कळप, एवढंच दिसतं. जैसलमेर भागात वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही.

पण इथल्या माणसांनी पाण्याला तीन नावं दिली आहेत. पावसाचं, वरून वाहणारं ते पालर पाणी. खोल जमिनीतलं, बहुधा खारट, ते पाताल पाणी. आणि या दोहोंच्या मधलं ते रेजाणी पाणी. काही ठिकाणी वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी मुरतं, पण या थरामुळे खालच्या खाऱ्या पाण्याला जाऊन मिळत नाही. वाळूत ओलावा होऊन थांबतं. मग माणसं तिथं अरुंद तोंडाची कुंई खणतात. तिच्यात तो ओलावा थेंबाथेंबानं पाझरतो. तोंड रुंद ठेवलं तर एवढंसं पाणी तळाशी पसरेल आणि उन्हानं उडून जाईल. म्हणून कुंई अरुंद, आणि तिच्यावर झाकण. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी पुस्तकात हे सारं शास्त्र फार मायेनं मांडलं आहे.

मला यातला व्यवहार अधिक मोलाचा वाटला. कुंई एकेका घराची, पण जमीन साऱ्या गावाची. वाळूतला ओलावा सगळ्यांचा ठरलेला. नवी कुंई खणली तर जुन्यांच्या वाट्याचा ओलावा कमी होणार, म्हणून गावाच्या संमतीशिवाय खणता येत नाही.

असाच व्यवहार गाण्यातही आहे. मांगणियार हे मुसलमान गवई. त्यांचे पिढीजात यजमान बहुतांशी हिंदू. यजमानाच्या घरी जन्म असो की लग्न, मांगणियार कमायचा घेऊन येतो, त्याच्या घराण्याची वंशावळ गातो, कृष्णाचीही गाणी गातो. हमीरा गावचे साकर खान हे कमायचाचे थोर वादक. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2013 साली ते गेले. माझं नाव ऐकल्यावर, ‘तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?’ असं मला आजही विचारलं जातं. तिथं मांगणियाराला असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. गाणं ज्यानं जपलं, त्याचं ते.

आता सतलज-बियासचं पाणी इंदिरा गांधी कालव्यानं जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आलं आहे. त्यानं पुष्कळांचे कष्ट हलके केले, हे कबूल केलंच पाहिजे. पण नळ आला की कुंई बुजते, आणि तिच्याबरोबर एकमेकांना विचारण्याची रीतही बुजते, ही काळजी राहतेच.

परतताना मला लातूर आठवत होतं. तिथं वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्याकडे बोअर मारताना शेजाऱ्याला विचारायची पद्धत नाही. ज्याची मोटार मोठी, त्याचं पाणी. वाळवंट पावसाच्या तुटीनं होतं, हे भूगोलात आपण शिकलो. विचारपूस आटली तरी ते होतं, हे मात्र त्या कोरड्या मुलखातल्या माणसांकडून शिकायला हवं.