वैद्यकीय शिक्षणाची वाट : विषयनिवड आणि महाविद्यालयबदल



दहावीचा निकाल लागला की मुळशी तालुक्यातील घराघरांत पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. मूल हुशार असले तर ‘याला डॉक्टर करायचे’ हा निर्णय पुष्कळदा आधीच झालेला असतो. आकांक्षा थोर आहे. परंतु कोणते विषय घ्यावेत, कोणत्या महाविद्यालयात शिकावे, पुढे महाविद्यालय बदलल्यास काय होईल आणि कोणते दाखले लागतील, हे प्रश्न मात्र प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या घाईत मागे पडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात घेतलेल्या या निर्णयांवर पुढील सारी वाटचाल अवलंबून असते. म्हणून त्यांचा विचार वेळीच, आणि गावपातळीवर, व्हावयास हवा.

निर्णयाचे वय

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना हा निर्णय सावकाश घेता येतो. तेथे प्रथम चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालय, असा क्रम आहे. कित्येक विद्यार्थी पहिली दोन वर्षे कमी खर्चाच्या स्थानिक महाविद्यालयात काढतात व मग विद्यापीठात जातात. पदवीचा मुख्य विषय इतिहास असला तरी चालतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांचे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केलेले असले म्हणजे झाले.

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होते. महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला, १९७५ साली दहावीची आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली, तेव्हापासून विषयनिवडीची वेळ अकरावीच्या प्रवेशाशी येऊन ठेपली आहे. पदवीचा मुख्य विषय निवडण्याइतकेच महत्त्व आपल्याकडे अकरावीच्या विषयगटाला आहे. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सर्व राज्यासाठी लागू झाली. त्यामुळे मुळशीतील विद्यार्थ्यासमोर आता पुण्यातीलच नव्हे, तर राज्यातील कोणत्याही भागातील कनिष्ठ महाविद्यालयाचा पर्याय एकाच अर्जात उभा राहतो. निवडीचे क्षेत्र वाढले, तशी निवडीची जबाबदारीही वाढली.

गणित की जीवशास्त्र?

वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. ‘नीट’ ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा ७२० गुणांची असते. त्यांपैकी ३६० गुण जीवशास्त्राला, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांना प्रत्येकी १८० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी एक गुण वजा होतो. अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांच्या अभ्यासावर प्रश्न येतात. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानणाऱ्या विद्यार्थ्याचा निम्मा अभ्यास तेथेच मागे पडतो.

गणित सोडावे की ठेवावे, हा खरा पेच. ज्याचा कल निश्चित झालेला नाही, त्याने गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत. भार अधिक पडतो, पण अभियांत्रिकीची वाट खुली राहते आणि भौतिकशास्त्रालाही गणिताचा आधार मिळतो. ज्याला गणित जड जाते व ज्याचा कल जीवशास्त्राकडे स्पष्ट आहे, त्याने गणित सोडल्यास काही बिघडत नाही. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या पदवी अभ्यासक्रमांची दारे जीवशास्त्राच्या गटालाही उघडी असतात.

उलट प्रकारचा विद्यार्थीही आढळतो. केवळ गणिताचा गट घेऊन बारावी झालेल्या मुलाला पुढे वैद्यकाची ओढ लागते. अशा विद्यार्थ्याची वाट पूर्वी अडत असे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या सूचनेनुसार, बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासही ‘नीट’ला बसता येते. मार्च २०२२ मध्ये या परीक्षेची कमाल वयोमर्यादाही दूर करण्यात आली. किमान वयाची अट मात्र आहे : प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. या दोन बदलांमुळे मार्ग बदलू इच्छिणाऱ्याला दिलासा मिळाला आहे. तरीही परतीच्या वाटेवर एखादे वर्ष खर्ची पडतेच, आणि शेतमजुराच्या घरात एका वर्षाची किंमत फार असते.

महाविद्यालय बदलताना

मुळशी धरणाच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांतून किंवा ताम्हिणी परिसरातून रोज पुण्याला ये-जा करणे पावसाळ्यात किती कठीण असते, हे येथील शिक्षकांना सांगावयास नको. म्हणून जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी करून बारावीला शहर गाठावे, किंवा लातूरसारख्या ठिकाणी वा थेट राजस्थानातील कोट्याला जावे, असा विचार पालक करतात. हा बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट राज्याच्या सीमेची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या असतात. या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास पुरेसा नाही. दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. सैनिक व केंद्र सरकारी कर्मचारी यांच्या पाल्यांसारखे काही अपवाद सोडले, तर बारावी परराज्यात करणारा मुळशीचा विद्यार्थी आपल्याच राज्यातील बहुतांश शासकीय जागांना मुकतो. लातूरला जाणाऱ्याचा हक्क अबाधित राहतो, कोट्यातून बारावी करणाऱ्याचा जातो. चांगल्या शिकवणीच्या शोधात निघालेल्या कुटुंबाने हा फरक आधीच जाणून घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. राज्य मंडळाच्या बारावीत विज्ञानाच्या प्रत्येक विषयाला ७० गुणांची लेखी व ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. नाव एका महाविद्यालयात आणि शिक्षण केवळ खासगी शिकवणी वर्गात, अशा व्यवस्थेत सूक्ष्मदर्शकाला हात न लावताच मूल बारावी होते. प्रवेशापूर्वी पालकांनी प्रयोगशाळा स्वतः पाहावी आणि तेथे नियमित तासिका होतात का, हे त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना विचारावे.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावीत विज्ञान इंग्रजीतून शिकताना पहिले सहा महिने कठीण जातात. त्यातच गाव, घर आणि वर्ग बदलला, तर हुशार मूलही बुजते. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते व तीत इंग्रजी मजकूर सोबत असतो, ही माहिती अशा मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे. त्याचबरोबर नववी-दहावीतच शास्त्रीय संज्ञांचे इंग्रजी प्रतिशब्द ओळखीचे करून दिले, तर पुढील वाट सुकर होते. हे काम माध्यमिक शिक्षकच करू शकतात.

दाखल्यांची पूर्वतयारी

राखीव जागेवरील प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. संबंधित प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही सादर करावे लागते. वैधतेसाठी वडील-आजोबांच्या शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, महसुली अभिलेख शोधावे लागतात. ज्या कातकरी कुटुंबात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कोठून? अशा वेळी गावातील जुन्या नोंदी धुंडाळण्यास ग्रामसेवक, तलाठी व पंचायत सदस्य यांनी पुढे व्हावे. निकालानंतरच्या धावपळीत हे काम होत नाही. अकरावीच्या वर्षातच अर्ज दाखल झालेला असावा.

मुलींच्या पालकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्कात शंभर टक्के सवलत आहे. खासगी अभिमत विद्यापीठे या योजनेत येत नाहीत. लवळे येथे २०२० साली मुलींसाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तालुक्याला त्याचा आनंद वाटला. ते अभिमत विद्यापीठाचे असल्याने शुल्काचा हिशेब मात्र पालकांनी आधी करावा. पुण्याचे बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१९ साली सुरू झालेले बारामतीचे शासकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातीलच पर्याय आहेत.

दुसरे दार

सर्वांनाच एम.बी.बी.एस.ची जागा मिळणार नाही, हे मुलाला आधी सांगण्यात निराशा नाही, शहाणपण आहे. ‘नीट’च्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व भौतिकोपचार या अभ्यासक्रमांचे प्रवेश होतात. परिचर्येच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे. ग्रामीण रुग्णालयाला डॉक्टर हवा, तशीच प्रशिक्षित परिचारिका आणि औषधनिर्मातेही हवेत. दोन वर्षे मन लावून शिकलेले जीवशास्त्र यांपैकी कोठेही वाया जात नाही. वाया जाते ते पुन:पुन्हा परीक्षा देत, कोणताही अभ्यासक्रम न धरता काढलेले तारुण्य.

प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीच्या परीक्षेपूर्वी, जानेवारी महिन्यात, पालकांची एक सभा घ्यावी. तीत विषयगट, महाविद्यालयाचे ठिकाण, दाखले आणि दुसरा पर्याय या चार मुद्द्यांवर प्रत्येक कुटुंबाशी बोलावे. ग्रामपंचायतीने या चार मुद्द्यांचा फलक चावडीवर लावावा. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून राज्य सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका शाळेत असावी. या कामाला खर्च जवळजवळ नाही. डोंगराआडच्या वाडीतील मुलगी केवळ माहिती नसल्यामुळे मागे राहिली, असे या तालुक्यात घडू नये, यासाठी एवढे अवश्य करावे.