चाकांची निगा : काटकसर कोठे, कद्रूपणा कोठे



वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषय ज्या व्यासपीठाने ऐकले, तेथे आम्ही मोटारीच्या चाकांविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. पण मोटार रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. बायकामुलांचे प्राण आपण त्या चार तळहातांवर ठेवतो. मग त्यांची विचारपूस का करू नये?

बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने 1888 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यातले मर्म असे की, गाडीचा भार रबर वाहत नाही. आत कोंडलेली हवा वाहते. आणि हवेइतकी स्वस्त वस्तू कोणती? पंधरवड्यातून एकदा, गाडी चालून टायर तापण्यापूर्वी, हवा मोजावी. किती हवी तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेला असतो. टायर दोन्ही कडांनी झिजला, तर हवा कमी पडते. मधोमध झिजला, तर जास्त होते. एकाच कडेने झिजला, तर अलाइनमेंट बिघडले आहे. टायर बोलतो, ऐकणारा हवा.

आता रंगाचे. लोखंडी चाक गंजले म्हणजे लगेच नवे घ्यावे लागते असे नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने काढावा, चाक धुऊन पूर्ण वाळवावे, प्रायमर द्यावा आणि मग रंगाचे पातळ हात द्यावेत. मात्र गंजाने पत्राच खाल्ला असेल, तर ते चाक भंगारात टाकावे.

येथे आमची एक फजिती सांगतो. हौसेच्या भरात आम्ही चाकाला सगळीकडून जाड रंग फासला. नट जेथे बसतात तेथेही. दोन दिवसांनी खंबाटकी घाटात गाडी थरथरू लागली. उतरून पाहतो तो नट हाताने फिरत होते! दाबाखाली रंग चिरडला, तेवढी जागा झाली आणि नट सैलावले. मागच्या आसनावर आमची वृद्ध आई बसली होती. तो क्षण आम्ही विसरलेलो नाही. म्हणून नटांच्या बैठकीवर व चाक हबला टेकते त्या पाठीवर रंग लावू नये. तेवढा भाग चिकटपट्टीने झाकावा. चाक बसवल्यावर शंभरएक किलोमीटरांनी नट पुन्हा आवळून पाहावेत.

टायर काळाभोर दिसावा म्हणून कोणी रॉकेल चोळतात. तेलाने रबर फुगते, मऊ पडते. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

आणखी एक. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर न वापरताही म्हातारा होतो. स्टेपनीलाही हा नियम चुकत नाही. बाजूला फुगवटा आला, चिरा पडल्या, किंवा नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत उतरली, की टायर बदलावा. तेथे घासाघीस नको.

मेहनत स्वतः करून पैसा वाचवणे ही काटकसर. जीव पणाला लावून वाचवणे हा कद्रूपणा. या दोहोंतील सीमारेषा आज घरी जाताना आपापल्या गाडीपाशी क्षणभर वाकून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.