रस्ता नसलेली वाट



पूर्वी आपल्याकडे चार माणसं जमली की पाऊसपाण्यावर नाहीतर राजकारणावर बोलणं व्हायचं. आता त्यात तिसरा विषय आला आहे, गाडीचा. लग्नाच्या पंगतीत म्हणा, दवाखान्याच्या बाकावर म्हणा, ‘डिझेलची घ्यावी की विजेची?’ आणि ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हे प्रश्न येतातच. ज्याच्या दारात गाडी नाही, तोही हिरिरीनं मत देतो. माझ्या दारातही गाडी नाही. पण मत मात्र आहे, आणि तेच आज सांगायचं आहे.

गेल्या गौरी-गणपतीत माझा भाचा पुण्याहून आला. गाडी नवी कोरी, उंच, ‘फोर बाय फोर’. म्हणाला, “मामा, बसा. सड्यावर जाऊन येऊ. हिला रस्ता लागतच नाही.” आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. गावाच्या डोक्यावर कातळाचा मोठा सडा आहे. वाटेत भाच्यानं मला गाडीची सगळी विद्या समजावली. साध्या गाडीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते. त्यातलं एक चिखलात गेलं की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. हिच्यात मात्र चारही चाकं ओढतात.

मी म्हटलं, “बाबा रे, त्या ढिम्म चाकाची आणि माझी जुनी ओळख आहे.”

साल १९८७. डांबरी रस्ता तेव्हा खालच्या गावापर्यंतच होता. माझी थोरली बहीण, आमची आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ऐन पावसाळ्यात मध्यरात्री तिला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, लक्षण बरं दिसत नाही, तालुक्याला न्या. गावात वाहन एकच, वडापची जीप. दिवसा तिच्यात अठरा-वीस माणसं कोंबलेली, दोन मागे लोंबकळणारी. तिची ओढ मागच्या दोन चाकांवरच. ओढ्यात एक चाक फसलं आणि गाडी जी बसली ती हलेना. मग गोणपाटं आली, दगड आले, कुणी आंब्याचे डहाळे तोडून चाकाखाली घातले. छातीइतक्या काळोखात आठ-दहा जणांनी खांदा दिला, तेव्हा कुठं जीप वर आली. उजाडता उजाडता आम्ही दवाखाना गाठला. आक्का वाचली. आणि मूलही वाचलं. तेच मूल आज माझ्या शेजारी बसून मला चाकांची विद्या शिकवत होतं!

तर रस्ता सोडून गाडी घालणं ही आमच्याकडे हौस नव्हती, गरज होती. जीप जन्मलीच मुळी दुसऱ्या महायुद्धात, सैन्याच्या गरजेपोटी. आता तिची हौस झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. तरण्या पोरांनी डोंगर बघावेत, चिखलात हात घालावेत. पण सड्यावर पोचलो आणि भाचा गाडी सरळ फुलांत घालायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

श्रोतेहो, कासचं पठार आपण ऐकून आहात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर तेही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आमचा सडा त्याचाच भाऊबंद. वर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली, आणि खाली कातळावर मातीचा नुसता पापुद्रा. चाक गेलं की तो पापुद्रा फाटतो, चाकोरीतून पाणी वाहू लागतं, आणि माती व बी दोन्ही धुऊन जातं. पुन्हा माती साठायला किती पिढ्या लागतील, कोण जाणे. भाच्यानं मुकाट्यानं गाडी वळवून बैलगाडीच्या जुन्या वाटेला लावली. पुढं आम्ही चालतच गेलो.

चालता चालता तो म्हणाला, “मामा, पुढं सगळ्या गाड्या विजेच्या होतील. चालवायला माणूससुद्धा लागणार नाही.” होईलही तसं. मी एवढंच विचारलं, “आपल्या वाडीतली म्हातारी त्या गाडीतून बाजाराला जाईल का?”

माझं मत ते इथं आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, आणि पुणे यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच मार्गावर एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, आणि लेकीबाळी माहेरी जाऊ लागल्या, बाजाराच्या दिवशी बायकांच्या पिशव्यांनी गाड्या भरू लागल्या. उलट २०२१ची दिवाळी ते २०२२चा एप्रिल, संपाचे ते महिने आठवा. संपवाल्यांची दुःखं खरी होती. पण दारात गाडी नसणं म्हणजे काय, हेही तेव्हा खेड्यापाड्याला कळलं. शाळेची पोरं मैलोन्‌मैल चालली.

वाहतुकीचं भविष्य म्हटलं की आपण मोटारींच्या प्रदर्शनाकडं बघतो. मी गावच्या थांब्याकडं बघतो. तिथं वेळेवर गाडी येते का, पायरी म्हातारीला चढता येईल इतकी खाली आहे का, आणि अपरात्री एखाद्या आक्काला दवाखान्यात न्यायला वाहन मिळतं का? गाडी विजेची असो की डिझेलची, या प्रश्नांना तिनं उत्तर दिलं पाहिजे.

उतरताना ओढ्यापाशी भाच्यानं गाडी थांबवली. आता तिथं पूल आहे. खाली उतरून तो बराच वेळ पाण्याकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, “मामा, उद्या वाडीवरच्या म्हाताऱ्यांना डोळे तपासायला तालुक्याला न्यायचं का? सात जणं मावतील.”

दुसऱ्या दिवशी नऊ मावली.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)