मोकळी टाच

श्रोतेहो, पायातली आपली साधी वहाण पाहा. अंगठा पुढे अडकलेला, पाऊल पट्ट्यात धरलेले, पण टाच मोकळी! टाच उचलता येते म्हणून तर माणूस चालतो. बर्फावरून घसरण्यासाठी नॉर्वेचे लोक ज्या लांब फळ्या पायांना बांधतात, त्या ‘स्की’ची सारी कथाही अशीच टाचेभोवती फिरते.

जुन्या स्कीला बहुधा चवड्यापुरताच पट्टा असे. सपाटीवर तेवढा पुरे. पण उतारावर उडी घेतली, की फळी पायातून निसटायची. मग करावे काय? यावर तोड काढल्याचे श्रेय जाते टेलेमार्क प्रांतातल्या मॉर्गेदालच्या सोंद्रे नोरहाइमला. १८२५ साली जन्मलेला हा एक गरीब कूळ. झाडाच्या चिवट मुळ्या पिळून त्यांचा वेढा त्याने टाचेमागून घेतला. फळी पायाशी राहिली, तरी टाच उचलता येई. शिवाय त्याची फळी मध्ये अरुंद असल्याने चटकन वळे. वळताना एक पाय पुढे, दुसरा मागे. मागचा गुडघा वाकलेला आणि टाच वर. हेच ते ‘टेलेमार्क’ वळण. १८६८ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, बेचाळीस वर्षांच्या सोंद्रेने हे कसब दाखवले आणि शहरचे लोक थक्क झाले.

पुढे आल्प्सच्या उभ्या उतारांवर, १९३० नंतर, तारेच्या बंधनांनी टाच फळीशी जखडली गेली. वेग वाढला, तोल सांभाळणे सोपे झाले. पण टाच बांधून चढ कसा चढायचा, बरं? तिथे यंत्राचे पाळणे कामाला आले. नॉर्वेत मात्र १९२७ पासून ‘रोतेफेला’, म्हणजे ‘उंदराचा सापळा’, हे बंधन मिळू लागले होते. ते बुटाचा पुढचा भागच पकडते. १९७० नंतर कोलोरॅडोतल्या तरुणांनी ही मोकळी टाच पुन्हा उचलून धरली. आज बूट प्लॅस्टिकचे असतात. पण चवडा वाकावा म्हणून बोटांवर घड्या ठेवतात.

सोंद्रे १८८४ साली पोटासाठी अमेरिकेला गेला आणि १८९७ साली नॉर्थ डाकोटाच्या सपाट माळावर वारला. जिथे उतारच नाही, तिथे! पण १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत पेटली ती मॉर्गेदालला, त्याच्या घरच्या चुलीवर. आणि स्की घातलेल्या माणसांनीच ती राजधानीला पोचवली.